बारा घंट्यांचं चाक

लांगोएल गावच्या चर्चची किल्ली चाळीस वर्षं बार्बा केरदोन्क्यूच्या खिशात होती, पण तिच्या स्वतःच्या तोंडाला कुलूप असं कधी नव्हतंच. महिन्यातून एकदा येणारे फादरसुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायचे, कारण त्यानंतर बार्बाचं सुरू व्हायचं.

गंमत म्हणजे चार वर्षांची होईपर्यंत ही बाई एक शब्द बोलली नव्हती. शेवटी आईने तिला चर्चमधल्या बारा घंट्यांच्या लाकडी चाकाखाली उभं केलं. उशिरा बोलणाऱ्या पोरांसाठी ते चाक फिरवायची तिथली जुनी रीत. दोर ओढला, घंट्या किणकिणल्या आणि घरी जाताना पोर म्हणाली, "थंडी वाजते." तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच. शेजारचा जोब तर गावच्या संताच्या जत्रेत सगळ्यांदेखत म्हणायचा, "एकदा ते चाक उलटं फिरवून बघू या रे!"

"आधी तुझ्या डोक्यावर फिरवते," बार्बा म्हणायची, "अक्कल येते का बघू!"

चाकाला तेल घालायला मात्र ती स्वतःच शिडी चढायची, दुसऱ्या कुणाला चढू द्यायची नाही.

ऑगस्टमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण वाचा गेली. शब्द सगळे डोक्यात जागच्या जागी होते, जिभेवर आले की विरघळायचे. शहरातून एक बाई येऊन तिच्याकडून आ-ऊ करून घ्यायची, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किल्ली तिने जोबच्या हातात ठेवली. आपण आता मुकेच मरणार, या भीतीने तिला घास गिळेना.

एका रविवारी जोबने तिला हाताला धरून चाकाखाली आणलं. बाजूला सरकारी पाटी होती : 'ऐतिहासिक वस्तू. हात लावू नये.' जोबने पाटीवर आपली टोपी अडकवली.

"उभी राहा गं. थट्टा नाही करत."

घंट्या वाजल्या. काही झालं नाही. पुढच्या रविवारीही नाही. तरी जोब येत राहिला आणि गावातली पाचसहा माणसंही बाकांवर येऊन बसू लागली.

सातव्या रविवारी चाक भयंकर करकरलं. बार्बाच्या अंगाचा तिळपापड झाला. ऑगस्टपासून या माणसाकडे किल्ली आहे आणि एकदा शिडी लावली नाही याने!

"ते... तेल."

जोबचा हात दोरावरच थांबला. "काय म्हणालीस?"

"तेल, गाढवा!"

बाकांवर एकच हशा उठला. दोघी बायका तर हसता हसता रडू लागल्या. जोबने टोपीनेच डोळे पुसले.

"आता उलटं फिरवू का गं?" त्याने विचारलं.

बार्बाने हात पुढे केला. "किल्ली."

त्याने ती दिली आणि तो शिडी आणायला गेला.