पाण्याने रंगवलेली भिंत

ताईच्या गच्चीची भिंत मी निळी केली. हेतू चांगला होता. आजवर माझ्या हातून जी जी नुकसानं झाली, त्या सगळ्यांमागे हेतू चांगलाच होता.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरीच शिवणकाम करते. आतल्या खोलीत मशीन, बाहेरच्या खोलीत उरलेला संसार आणि वर गच्ची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची दोन मुलं दिवसभर घरात असतात, त्यात माझी लेकही मी तिथेच नेऊन सोडतो. ताईचा थोरला सहा वर्षांचा. दर वाक्याला 'का' विचारतो म्हणून तो वकील. धाकटी चार वर्षांची, साखरेचा डबा कुठेही ठेवा, तिथे पोचते, म्हणून ती मुंगी. माझी लेक वयाने मधली आणि दोघांनाही चढवून देण्यात पटाईत.

या तिघांशी खेळायला ताईला वेळ नसतो. तिच्याकडे युक्त्या असतात. बटणांचा डबा ओतून रंगांप्रमाणे ढीग करायला लावते आणि मुलांची पाठ वळली की सगळी बटणं पुन्हा एकत्र करून ठेवते. तिची सगळ्यात टिकाऊ युक्ती म्हणजे गच्चीवरची भिंत. वर पत्रा असल्यामुळे सावली असते, पण भिंत चांगली तापते. तीन जुने ब्रश, बादलीभर पाणी आणि गंभीर चेहऱ्याने दिलेला हुकूम, "जेवायच्या आत भिंत रंगवून झाली पाहिजे." ओली भिंत गडद दिसते, मुलांना रंग चढल्यासारखा वाटतो. या टोकाला पोचेपर्यंत ते टोक वाळतं. मग वकील म्हणतो, "अरे, इकडचं राहिलंच की," आणि तिघं पुन्हा पहिल्यापासून. खाली मशीन सुखाने चालू राहतं.

त्या दिवशी ताईला एका नव्या दवाखान्याचे अठरा पांढरे कोट चार वाजता द्यायचे होते. वेळेत दिले तर वर्षभराचं काम मिळणार होतं. मला नेमकी रजा होती.

"तू फक्त मुलांजवळ बस," ताई म्हणाली. "आणि काही करू नकोस."

मी पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं.

तिघांनी तीच भिंत चौथ्यांदा रंगवायला घेतली तेव्हा मला राहवेना. मी खाली जाऊन कपड्यांच्या निळीची बाटली आणली आणि अर्धी बादलीत ओतली.

"मामा, हे का?" वकिलाने विचारलं.

"आता रंग जाणार नाही."

"मग आधी का नाही टाकला?"

मी त्याच्या हातात ब्रश दिला.

वीस मिनिटांत भिंत झाली. ब्रश खाली ठेवून तिघं माझ्याकडे बघायला लागली. "आता काय?" लेकीने विचारलं. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. मी विचार करत असतानाच तिघं जिना उतरून थेट मशीनच्या खोलीत.

"आई, झाली भिंत," वकील म्हणाला. "आता परत करायलाच नको."

ताईने सहा निळे तळवे पाहिले, मग कोट पाहिले, मग मला पाहिलं. आवाज चढवला नाही. सगळे कोट उचलून कपाटावर ठेवले, तिघांना नळाखाली उभं करून घासलं, पुसलं, बाहेरच्या खोलीत आणून बसवलं आणि पुन्हा मशीनवर बसली. दार लावून घेतलं. दर पाच मिनिटांनी दारावर थाप पडायची आणि पाठोपाठ "आता काय?" यायचं. मी गोष्ट सांगायला घेतली. ती चार मिनिटांत संपली. माझ्या लेकीचं ऐकून मुंगीही आपल्या आईला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्याच्या भावाला गोष्ट येत नाही." ताई नक्की कोणाची आत्या, हा प्रश्न वकिलाने लगेच काढला आणि भांडण पेटलं. मिटवायला पुन्हा ताईच उठली.

चार वाजता दवाखान्याचा माणूस आला. पंधरा कोट तयार होते, तीन कोटांची काजं राहिली होती. माणूस सभ्य होता. "बाकीचे उद्या द्या," तो म्हणाला. "वर्षाच्या कामाचं साहेबांना विचारून कळवतो." गठ्ठा घेऊन तो गेला.

ताईने सोळावा कोट पुढ्यात ओढला. मी म्हणालो, "पण ताई, पोरांची भिंत एकदाची पूर्ण तर झाली."

सुईत दोरा ओवता ओवता ताई म्हणाली, "तीच तर होऊ द्यायची नव्हती."