नवमीची पक्कड

आमच्या मालकांना कारखान्यात समदी मिठाचा वायरमन म्हणायची. बाकीच्यांच्या खिशात विड्या, ह्यांच्या खिशात मिठाची पुडी. माझी लोणच्याची बरणी कारखान्यात नेली ती नेलीच! रोज सकाळी तिच्यात खारं पाणी करायचं आन् पकडीच्या रबरी मुठी बुडवायच्या. करंटाची एक तार पाण्यात, दुसरी पकडीच्या तोंडाला, मधी दिवा. दिवा लागला की समजायचं, रबर चिरलंय, करंट हाताला येणार. समद्या वायरमनांच्या पकडी हेच तपासायचे. मी चिडवायची, "मलाबी एकदा बुडवून बघा की!" नुसते हसायचे.

अठ्ठावन सालची खंडेनवमी. मी पक्कड पुजली, दोन्ही मुठींना हळदकुंकू लावलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापतुर हलवायचं नसतं. पर कारखान्यातनं सांगावा आला, मोटार बंद पडलीय, लगोलग या. ह्यांनी पक्कड उचलली तशी मी म्हणलं,

"अवं, निदान आज ती पाण्यात बुडवू नका. सवाष्णीनं लावलेलं कुंकू हाय, धुऊन जाईल."

"बरं बाई, न्हाय बुडवत. दिला शब्द," म्हणले आन् गेले.

माझं मेलीचं तोंड का न्हाय झडलं तवा!

दुपारी ट्रकमधनं त्यांना आणलं. करंट लागून जागीच गेले व्हते. त्यांच्या जोडीचा मानसिंग अंगणात उभा राहून रडत व्हता. म्हणला, "मूठ चिरली व्हती, केसाएवढी. आमच्या समद्यांच्या पकडी तपासल्या, आपली तेवढी न्हाय. इचारलं, तर म्हणले, घरी शब्द देऊन आलोय."

"कुणी घेतला असला शब्द?" चुलतसासरे गरजले. समद्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मला सातवा महिना व्हता.

माझी सासू, सरुबाई, सकाळी उंबऱ्यात बसली व्हती. तिनं समदं ऐकलं व्हतं. लेकाच्या उशाशी बसलेली म्हातारी उठली, माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

"मी घेतला," ती म्हणली. "मीच म्हणलं सोपानला, बुडवू नको."

त्या दिवसापासनं आमच्या गावच्या, कोऱ्हाळ्यातल्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, म्हातारीनं लेक खाल्ला. बारा वर्सं तिनं ते ऐकलं, मरंपतुर. मी तिला दोन येळची भाकरी वाढली, तिचे पाय चेपले, पर चारचौघांत खरं सांगायला माझी जीभ एकदाबी उचलली न्हाय.