ओल्या फडक्यातलं धान

सहावा महिना लागलाय, तरी भीती काही पोटातून हलत नाही. आमच्या छोट्या दवाखान्यात एक्सरे मीच काढते. शिशाचा एप्रन एकच. एक्सरेला आलेल्या लेकराला धरायला त्याची आई आत आली की एप्रन तिच्या अंगावर चढायचा, आणि किरण किती लागले ते मोजणारा माझा बिल्ला त्या एप्रनलाच टोचलेला! मी एका हातात बटण आणि दुसऱ्या हातात त्या रडक्याचा पाय धरून तशीच उभी. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आधी तो बिल्लाच आठवला. बिल्ल्यानं दुसऱ्यांच्या आया मोजल्या होत्या, मला नाही.

डॉक्टर म्हणाले, "टेन्शन मत लो. डोस थोडाच असतो. पेशी मोडलेलं दुरुस्त करतात. काही जीवांना आधी थोडे किरण दिले तर नंतरचे जास्तही ते सोसतात."

"सगळेच सोसतात का, सर?"

ते पुढच्या पेशंटकडे वळले.

सौंदडजवळच्या आमच्या घरी पेरणीआधी मूठभर धान ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतात. सासूबाई म्हणाल्या, "कायले भेऊन राहिलीस वो? धान ठेव त्या एक्सरेच्या खोलीत. उगवलं त समज, लेकराले काई नाई होत." मी शिकलेली बाई, पण भीतीपुढे कसलं शिक्षण! धानाची पुरचुंडी मशीनशेजारी ठेवली, मग घरी आणून भिजवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून आम्ही फडकं सोडलं. पांढरेशुभ्र मोड! सासूबाई खदखदून हसल्या. "पाह्य! धानाले किरणाची सवय होते, त लेकराले काऊन नाई होणार?" मलाही हसू आलं. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

हसता हसताच त्यांचा हात सवयीनं चालू झाला. न उगवलेले दाणे वेचायचे आणि कोंबड्यांपुढे टाकायचे.

"इतके त वाया जातेतच," त्या म्हणाल्या. दरवर्षी म्हणतात तसंच.

 मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आई, माझ्या पोटात मूठभर नाहीत हो. एकच आहे."

त्यांचं हसू तिथंच थांबलं. माझ्या पोटाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कोंबड्यांना हाकललं आणि अंगणात पडलेले दाणे एकेक करून परत वेचायला लागल्या.