डावं मागचं चाक

पुण्याच्या वर्कशॉपमध्ये माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कानाने इंजिनाचा आजार ओळखणारा माणूस अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्याचं काम बहुतेक मीच करत असे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटण्याची गरज नसते, पण बघणाऱ्यावर छाप पडते.

आमच्याकडे एक म्हातारा ट्रॅक्टर होता. कात्रजच्या बाजूला ट्रेनिंग कॅम्प होता, तिथे नळ नव्हता. रोज सकाळी ०६:३० ला ट्रॅक्टर पाण्याचा भरलेला ट्रेलर ओढत निघायचा. वाटेत एक चढ, मग कॅम्पपर्यंत लांब उतार. ड्रायव्हर लान्स नायक ज्ञानोबा कोंढरे. घाटाखालच्या गावचा. सुट्टीला घरी जायला त्याला सायकल पुरायची.

पहिल्याच महिन्यात त्याने ट्रॅक्टर माझ्यापुढे आणून उभा केला. "उस्ताद, आत कायतरी खडखडतंय."

मी डोळे मिटले आणि निदान जाहीर केलं, "बिग एंड बेअरिंग गेलं."

दोन दिवस घालवून इंजिन खालून उघडलं. बेअरिंग नव्यासारखं निघालं. तिसऱ्या दिवशी बॅटरीच्या ट्रेखाली एक पाना सापडला. फौजेत प्रत्येक हत्यारावर टूलकिटचा नंबर ठोकलेला असतो. त्या पान्यावर माझा होता. मागच्याच आठवड्यात सर्व्हिसिंग करताना मीच विसरलो होतो.

आमचे सुभेदारसाहेब हरियाणाचे. त्यांनी पाना उजेडात धरून शांतपणे विचारलं, "हवालदार, बेअरिंग पे आपका नंबर कैसे आया?"

पुढे महिनाभर मेसमध्ये मी जेवायला बसलो की कुणीतरी ताटावर चमचा वाजवून म्हणायचं, "ऐका, बिग एंड!" मीही हसायचो. पण तेव्हापासून त्या ट्रॅक्टरचं नाव काढलं की अंगावर काटा यायचा.

थंडीत ज्ञानोबा पुन्हा आला.

"उस्ताद, डाव्या अंगाला कट्-कट् वाजतंय."

"बघ, माझा दुसरा पाना असेल."

"हसू नका. लोड आसला की वाजतंय. उतारावर जास्तीच."

मी ट्रॅक्टर जागेवरच सुरू केला आणि सगळीकडे स्क्रूड्रायव्हर लावला. इंजिन ठणठणीत. जागेवर उभ्या ट्रॅक्टरचा चालतानाचा आवाज शोधणारा मेकॅनिक मी एकटाच असेन. दोन दिवसांनी तो परत हजर.

"उस्ताद, मोकळ्या जागंवर न्यूट्रल केला, इंजिन बंद केलं आन् नुसता गडगडू दिला. तरी वाजतंय."

"इंजिन बंद असताना वाजतं? मग ट्रॅक्टरला कशाला आणलास? तूच जा मेडिकल रूममध्ये, कान दाखव."

वर्कशॉपमधली पोरं खो-खो हसली. मेसमधला चमचा मी त्याच्या ताटावर वाजवला होता, एवढंच. इंजिन बंद करूनही येणारा आवाज इंजिनाचा नसतो, तो फिरणाऱ्या चाकाचा असतो. हे मी स्वतः रिक्रूटांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात इन्स्पेक्शन आलं. इन्स्पेक्शन जवळ आलं की वर्कशॉपमध्ये पान्यापेक्षा ब्रश जास्त चालतो. ट्रॅक्टर रंगवायला मीच घेतला. डाव्या मागच्या चाकाच्या नटांखाली गंजाचे तांबूस ओघळ होते. नट ढिले पडून चाक हलायला लागलं की असाच तांबूस चुरा निघतो. मी तो पाहिला. फडक्याने पुसला, वर हिरवा रंग दिला आणि नट पांढरे केले. पाना लावला नाही. आधी लावायचा राहिला, आणि नंतर लावला असता तर रंग उडाला असता.

इन्स्पेक्शनमध्ये ट्रॅक्टरला शाबासकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर जोडून ज्ञानोबा उभा होता. तिसऱ्यांदा.

"उस्ताद, नेऊ का नको?"

नको म्हटलं असतं तर कालच शाबासकी मिळालेली गाडी आज बंद दाखवावी लागली असती. मेसमधले चमचे पुन्हा वाजले असते.

"ने रे. हळू चालव."

"बरं," म्हणाला आणि निघाला. ०६:३०.

०७:२० ला कॅम्पचा सिग्नलर वायरलेस सेटवर आला.

"वर्कशॉप, वर्कशॉप. उतारावर ट्रॅक्टर पलटी. ड्रायव्हर खाली. क्रेन पाठवा. ओव्हर."

मी सेट हातात घेतला. "डावं मागचं चाक? ओव्हर."

सिग्नलर म्हणाला, "होय. तुम्हाला कसं कळलं? ओव्हर."

 ड्रायव्हर जिवंत आहे का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

०७:५५ ला मी तिथे पोचलो. चाक उताराखाली एका शेतात पडलं होतं. चाक धरून ठेवणारे काही स्टड तुटलेले, काहींचे नट गळालेले. जे नट शिल्लक होते त्यांच्यावरचा पांढरा रंग शाबूत होता. क्रेनने ट्रॅक्टर उचलला. ज्ञानोबा आधीच गेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बोल देना, ड्राइवर ने रिपोर्ट नहीं की. जानेवाला तो गया."

प्रिसायडिंग ऑफिसर मेजर होते. त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरने काही कळवलं होतं?"

"तीन वेळा, सर. मला."

माझी एक फीत उतरली, हवालदाराचा नायक झालो. कागदावर ज्ञानोबाच्या नावापुढे चूक लागली नाही. त्यापलीकडे मी त्याच्यासाठी काही केलं नाही.

त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. घरी बैल होते, ट्रॅक्टर नव्हता. ट्रंक मी ज्ञानोबाच्याच सायकलला बांधून दिली. निघताना त्यांनी विचारलं, "गाडी आदी कायच बोलली न्हाय व्हय?"

"बोलली होती," मी म्हणालो. "त्याला ऐकू आलं होतं."

"मग?"

मग काय झालं ते मी त्यांना रस्त्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मेसमधल्या चमच्यापर्यंत.  ऐकून झाल्यावर सायकल हातात धरून ते चालत गेले.

आता मी बिबवेवाडीत राहतो. पान्याचा किस्सा मी लग्नकार्यात रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि मी तिथेच थांबतो. पुढचं आज पहिल्यांदा लिहिलं.

लान्स नायक ज्ञानोबा कोंढरे, वय सव्वीस. तो लढाईत गेला नाही, माणसांना प्यायला पाणी नेताना गेला. त्यामुळे कुठल्याही स्मारकावर त्याचं नाव नाही. इथे असावं.