पोट एकच, मगरी दोन

न्तोन्सो गावात मर्तिकात पांघरायच्या कापडावर ठसे उमटवावेत ते डॉन्कॉरनेच, असं तो स्वतः सांगायचा. गावालाही ते मान्य होतं, फक्त त्याच्या तोंडावर कुणी कबूल करत नसे. वाळक्या भोपळ्याच्या कवटीत तो ठसे कोरायचा. त्याचा लाडका ठसा दोन मगरींचा: तोंडं दोन, पोट एकच. घास कुणीही गिळला तरी जायचा एकाच पोटात, मग भावंडांनी भांडायचं कशाला, एवढंच त्या खुणेचं सांगणं.

भांडण नेमकं त्या खुणेवरूनच झालं. त्याची थोरली बहीण सेर्वा ही झाडाची साल कुटून, उकळून ठशांचा काळा रंग करायची. एकदा भर बाजारात ती म्हणाली, "डॉन्कॉर, मगरी काढल्यास की बेडकीला बाळंत केलंस?" बायका पोट धरून हसल्या. त्यानंतर सात वर्षं डॉन्कॉर तिच्याशी बोलला नाही. दोघांच्या अंगणात एक भिंत, पण रंग आणायला हा पठ्ठ्या दोन गावं ओलांडून जायचा.

मग सेर्वा गेली. शनिवारच्या मर्तिकासाठी भाची पोमा तांबडं कापड आणि आईने शेवटचा उकळलेला रंग घेऊन आली. मामाने दोन मगरीच छापाव्यात, असं आई सांगून गेली होती म्हणे. कापड पांघरून बसायचं होतं मामालाच.

त्याने ठसा बुडवून चिंधीवर दाबून पाहिला. डोकी उठली, शेपट्या उठल्या, पोट कोरंच. परक्या रंगात ठसा अख्खा उठे, सेर्वाच्या रंगात मगरी तुटत. नवा ठसा कोरला, तरी तेच. शेजारी म्हणाले, रंग शिळा झाला असेल. असेल बाबा. पण भर दुपारी भिंतीपलीकडून साल कुटल्याची धपधप यायची, ती काय तो शिळा रंग काढत होता? पोमाने जाऊन पाहिलं, तर उखळ पालथं, कोरडं ठणठणीत.

शुक्रवार उजाडला. न्तोन्सोत शेंबडं पोरही कापडावरच्या खुणा वाचतं.

"मामा, दुसरा रंग घ्या," पोमा म्हणाली. "कुणाला कळणारेय?"

"जिला कळायचं तिला कळेल," म्हणत त्याने ठसा सेर्वाच्या रंगात बुडवला आणि कापडावर दाबला.

शनिवारी छातीवर तुटक्या मगरी घेऊन तो शवपेटीशेजारी बसला. लोक रांगेने हात मिळवत, कापडाकडे बघत आणि नजर वळवत. एरवी कुणाच्या मयतातही टोमणा न चुकवणारं हे गाव. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. डॉन्कॉर मात्र येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिला, हा तरी काही बोलेल म्हणून.