कानापुढची गाठ

खामगावच्या बाजारात मी मेथी एकाच भाजीवालीकडून घेते. बोलताना ती उजवा गाल पुढे करायची, कारण डाव्या कानापुढे लाळग्रंथीची गाठ होती आणि तिच्यावर कायम पदर असायचा. शेवटी गाठ काढली आणि तपासायला माझ्याच लॅबमध्ये आली. कॅन्सर नव्हता, साधी गाठ होती. रिपोर्ट घ्यायला ती आली, तेव्हा हे सांगितलं तरी ती उठेना.

"मले दाखवा नं, मॅडम."

मी तिच्या गाठीच्या पातळ कापाची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. गुलाबी पाण्यात निळी बेटं तरंगत असावीत, तशा पेशी होत्या. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"इनं मले कधी तरास नाही देला," ती हळूच म्हणाली, "अन् मी इले लपवत राह्यली."

जाताना तिचा हात सवयीनं कानापुढे गेला आणि तिथल्या रिकाम्या जागेवर तसाच राहिला.