सुक्या बटाट्याची ताटली

सुप्याला हायवेच्या कडेला माझ्या पुतण्याचं हॉटेल आहे. पाटीवर लांब मानेचं, मेंढीसारखं एक जनावर रंगवलंय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘पेरू देशाचं जेवण’. सुरुवातीला दोघं-तिघं पिशव्या घेऊन फळं मागायला आले होते. आता एमआयडीसीतले साहेब लोक येतात, शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या थांबतात. मी महिन्यातून एकदा जाते. आमचं गाव काष्टीच्या पलीकडं, तिथं पुतण्या गाडी पाठवतो. जायला आवडतं म्हणून मी जात नाही. तिथं माझी धाकटी जाऊ असते, आणि तिला मरून चाळीस वर्षं झाली.

हा पुतण्या तिचा मुलगा. ती गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. मी त्याला वाढवलं. पुढं तो जहाजावर स्वयंपाकी झाला, पेरू देशातल्या एका बंदरात उतरला, तिथल्या हॉटेलात लागला, आणि दहा वर्षांनी बायको घेऊन परत आला. गावानं आठवडाभर सुनेकडं टक लावून पाहिलं, मग कंटाळून सोडून दिलं. ती कष्टाळू आहे. मराठी तोडकंमोडकं बोलते आणि सगळ्यांना अरे-तुरे करते, कलेक्टर आला तरी करील.

पहिल्या खेपेला त्यांनी माझ्यापुढं कच्चा मासा ठेवला. लिंबाच्या रसात मुरवतात, वर कांदा, शेजारी उकडलेलं रताळं. मी रताळं खाल्लं. दुसऱ्या खेपेला जांभळ्या मक्याचं सरबत दिलं, लवंग-दालचिनीच्या वासाचं. ते बरं होतं. बटाटा मूळचा त्यांच्या डोंगरातला, असं सून सांगत होती. मी म्हटलं, आमचा आमच्या रानातला आहे. ती हसली आणि मला आणखी एक बटाटा वाढला.

तिसऱ्या खेपेला ते ताट आलं. वाळवलेल्या बटाट्याचे चौकोनी तुकडे भिजवून, शेंगदाण्याच्या कुटात आणि लाल मिरचीत शिजवलेले. त्याचं तिकडचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. ताट टेबलावर यायच्या आधीच वास आला, आणि मी खुर्ची मागं सरकवली.

पुतण्या खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, “मोठी आई, वळखलं का?”

मी म्हटलं, “न्हाई.”

“खोटं नको बोलू. आई करायची. तिकडं पहिल्यांदा म्होरं आलं तवा मी ताट सोडून भाईर जाऊन बसल्तो.”

खरं होतं. आमच्याकडं बटाट्याच्या चकत्या वाळवतात नाहीतर किस करतात. चौकोनी तुकडे फक्त माझी जाऊ करायची. बटाटे उकडायची, चिरायची, माळवदावर जुन्या लुगड्याखाली वाळवायची. बाया हसायच्या, म्हणायच्या, कोंबड्यांना दाणे टाकलेत काय. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वर्षी तसेच चिरायची. त्याची भाजी रांधली की घरभर वास सुटायचा, पण मी ती कधी तोंडात घातली नाही.

त्या उन्हाळ्यात मी कुरडया घातल्या होत्या. दोन दिवसांचं काम. मी रानात गेले आणि अचानक वळीव आला. जाऊ घरी होती. तिनं स्वतःचे बटाटे गोळा केले आणि माझ्या कुरडया भिजू दिल्या. विजेला भिऊन पोर बिलगलं होतं, दोन खेपा झाल्या नाहीत, असं म्हणाली. मी ऐकलं नाही. त्याच दिवशी चूल वेगळी केली आणि अंगणात उभी राहून बोलले, “तुझ्या हातचं माझ्या तोंडात गेलं तर ते शेन समज.” हे चार बायांनी ऐकलं. चार बायांनी ऐकलं की माणसाला मागं फिरता येत नाही.

महिन्याभरानं तिनं त्याच बटाट्यांची भाजी केली आणि पोराच्या हाती माझ्याकडं पाठवली. जर्मलची ताटली, वर दुसरी ताटली झाकलेली. पोरगं उंबऱ्यात उभं राहिलं आणि म्हणालं, “आईनं दिलंय.” मी ताटली घेतली, परसात गेले आणि भाजी म्हशीच्या गव्हाणीत ओतली. ताटली विसळली. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून त्यात गुळाचा खडा टाकला आणि पोराला लावून दिलं. मधल्या भिंतीपलीकडून जावेनं विचारलं, “आक्का, मीठ पुरलं का?”

मी म्हटलं, “पुरलं.”

त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी ते खाल्लं असतं असं मी म्हणणार नाही. चौथ्या दिवशी टेम्पोत घालून तालुक्याला नेताना ती वाटेत गेली. बटाट्याचा तिचा डबा माझ्या घरी आला. मी तो माळ्यावर टाकला. उघडला नाही, फेकलाही नाही. साफसफाईला हलवला की आत खुळखुळायचं.

पुतण्याला आईचा चेहरा नीट आठवत नाही. भाजी आठवते, ताटली आठवते, चव आठवत नाही. ही गोष्ट तो गिऱ्हाइकांनाही सांगतो. आईनं शेवटचं रांधलं ते माझ्या चुलतीनं खाल्लं आणि चांगलं झालं म्हणून सांगितलं, असं. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकते. त्या ताटाची चव माहीत असलेली जिवंत बाई एकच, आणि ती मी, असा त्याचा हिशेब.

म्हणून तो मला विचारू लागला. “तसंच लागतंय का?” आणि मी सांगू लागले. एकदा म्हटलं, गूळ कमी पडला. पुढच्या महिन्यात त्यानं गूळ घातला. मग म्हटलं, थोडं आंबट होतं. त्यानं कोकम आणलं. मग म्हटलं, कूट इतकं बारीक नव्हतं. सून माझ्या तोंडाकडं बघायची आणि वहीत लिहून घ्यायची. मी सांगायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊ बसलेली असायची. दिसायची नाही. पण एकदा माशी हाकलायला मी हात उचलला तो अर्ध्यातच थांबला, तिच्या तोंडावर हात बसेल म्हणून. घरी आल्यावर भर दुपारी माळ्याखाली बसून भाकरी खाताना मला तो वास यायचा. चुलीवर दुसरंच काहीतरी असायचं.

यंदा पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, त्यानं मला मुद्दाम बोलावलं. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. एरवी घरी वरण, भात, खीर करतो. ह्या वेळी हॉटेलात त्यानं केळीच्या पानावर ती भाजी वाढली. सून म्हणाली, त्यांच्याकडंही मेलेल्यांना आवडीचं रांधून मांडतात. पान तयार होतं. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. पुतण्यानं माझ्यापुढं वाटी सरकवली.

“चाखून बघ. आईचं झालं आसंल तर व्हय म्हन. मंग हेच निवद दाखवतो, आन् उद्यापास्नं कार्डावर आईची भाजी म्हनून लिवतो.”

मी घास घेतला. चांगली होती. मी होय म्हटलं असतं तर संपलं असतं. पण ते पान तिच्यापुढं जाणार होतं. माझं कोकम, माझा गूळ, आणि नाव तिचं.

मी म्हटलं, “मला ठावं न्हाई.”

“काय ठावं न्हाई?”

“तिची चव. मी कंदीच खाल्लं न्हाई, त्या दिशी बी न्हाई. म्हशीला घातलं.”

त्यानं वाटी मागं ओढली. मग म्हणाला, “ताटलीत गूळ हुता. वाटंत मी चाटला. मला आठवतंय.”

“रिकामी ताटली देऊ ने म्हनून टाकला.”

“आन् मीठ पुरलं म्हनलीस ते?”

“म्हनले.”

“कोकम?”

“मनाचं.”

“समदंच?”

“समदंच.”

सुनेनं त्याला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं. बराच वेळ सांगत होता. मला एक शब्द कळला नाही, पण कुठं काय आलं ते कळत होतं. ती माझ्याकडं वळली.

“म्हैस खाल्ली?”

“आधी हुंगलं. मंग खाल्लं.”

“मग चांगला होता,” ती म्हणाली. तिनं ते चेष्टेनं म्हटलं नाही.

तो पान उचलून स्लॅबवर गेला. परत आला तेव्हा पान रिकामं होतं. हॉटेलच्या मागं कावळ्यांना तोटा नसतो, त्यावरून मी काही समजले नाही. मग तो आत गेला आणि स्टीलच्या ताटलीत भाजी घेऊन आला, वर दुसरी ताटली झाकून. माझ्यापुढं ठेवली. खुर्चीवर बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, जसा तेव्हा उंबऱ्यात उभा होता.

म्हणाला, “खा.”

मी सगळी खाल्ली. ताटली बोटानं पुसली. मग पुण्याची गाडी आली आणि तो ऑर्डर घ्यायला गेला.

पुढच्या महिन्यात मी माळ्यावरचा डबा घेऊन गेले. तो हातात घेऊन त्यानं एकदा हलवला आणि गल्ल्यामागच्या फळीवर ठेवून दिला. उघडला नाही. गूळ आणि कोकम त्यानं भाजीतून काढून टाकलेत. कार्डावर ती तिच्या तिकडच्या नावानंच लिहिली आहे. मी गेले की ताटली येते, झाकलेली. मी खाते. तसंच लागतंय का, असं तो आता विचारत नाही. मला वाटलं होतं, त्यानं विचारणं थांबवलं की सुटेन.

हायवेनं जड ट्रक गेला की फळी हादरते आणि डबा खुळखुळतो. तो बिल करता करता वर बघतो. मी घास हातात धरून तो आवाज थांबेपर्यंत थांबते.